तुरीनच्या कफनाची तारीख मध्ययुगातली निघाली, आता आईला काय सांगू?

पानगळ७ (प्रश्न)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं. आमच्या घरात तुरीनच्या कफनावरच्या, म्हणजे इटलीत जपलेल्या आणि येशूला गुंडाळलं होतं असं मानल्या जाणाऱ्या कापडावरच्या, चेहऱ्याचा फोटो आहे, तो काळापांढरा, आणि आई रोज झोपायच्या आधी त्याच्यासमोर बसते. प्रार्थना झाली की दोन बोटं काचेला टेकवते, एवढी वर्षं की काचेचा खालचा कोपरा धूसर झालाय आणि पुसला तरी दुसऱ्या दिवशी परत तसाच. तिच्यासाठी तो प्रभूचा खरा चेहरा आहे, विषय संपला.

मी मागच्या महिन्यात सहज वाचायला घेतलं आणि अडकलो. १९८८ साली तीन लॅबनी कार्बन डेटिंग केलं आणि कापड १२६० ते १३९० मधलं निघालं. पुढे वाचत गेलो तर कोणी म्हणतं तुकडाच चुकीच्या जागेचा कापला, कोणी म्हणतं आगीमुळे तारीख बदलली, २०२२ ला इटलीतल्या संशोधकांनी एक्स-रे लावून २००० वर्षं जुनं असू शकतं असं सांगितलं, आणि जो तो इतक्या खात्रीने बोलतो की आपलं डोकं चालेनासं होतं. मला एवढंच हवंय की आज खरंच काय माहीत आहे ते कोणीतरी सरळ सांगावं. आणि आईला सांगू का? मी स्वतः श्रद्धा असलेला माणूस आहे, तिचं मन मोडायचं नाहीये, पण गप्प बसलो की खोटं बोलल्यासारखं वाटतं.

अर्धायुष्य

मी कार्बन डेटिंगच्या लॅबमध्ये काम केलंय, कापडाचं नाही, माती आणि कोळशाच्या नमुन्यांचं, पण पद्धत तीच. जवसाचं झाड उपटलं की त्यात नवा कार्बन जायचा थांबतो आणि त्यातला किरणोत्सारी कार्बन-१४ कमी होत जातो, ५७३० वर्षांत निम्मा. म्हणजे आपण मोजतो ते धागा ज्या झाडापासून काढला ते कधी मेलं एवढंच.

२१ एप्रिल १९८८ ला कफनाच्या एका कोपऱ्यातून पट्टी कापली आणि ऑक्सफर्ड, झुरिक आणि अॅरिझोना अशा तिघांना टपालाच्या तिकिटाएवढे तुकडे दिले. सोबत वयाचा अंदाज असलेली आणखी तीन कापडं दिली होती आणि त्यांची वयं बरोबर आली, हे लोक विसरतात. कफनाचे आकडे असे: अॅरिझोना ६४६ अधिकउणे ३१, ऑक्सफर्ड ७५० अधिकउणे ३०, झुरिक ६७६ अधिकउणे २४, सगळे १९५० च्या आधीची कच्ची वर्षं, कॅलेंडरची तारीख त्यातून पुढे काढतात. आता बघा, ऑक्सफर्ड आणि अॅरिझोनात शंभरावर वर्षांचा फरक आहे, तो जरा जास्तच आहे आणि १९८९ च्या 'नेचर'मधल्या मूळ पेपरमध्येही आकडे हवे तितके जुळत नाहीत हे दिसतं. २०१९ ला 'आर्किओमेट्री'मध्ये मूळ डेटा परत तपासून हाच मुद्दा काढला. मुद्दा खरा आहे. पण त्यातून निघतं काय, तर १२६० ते १३९० ही रेंज एवढी घट्ट धरू नका. पहिलं शतक त्यातून निघत नाही, तिघांतला सगळ्यात जुना आकडासुद्धा मध्ययुगातच पडतो.

घाण, धूर, हाताचं तेल हे खरंच कापडात शिरतं, म्हणून आधी अॅसिड आणि अल्कलीने धुतात. आमच्याकडे मातीतला नमुना अल्कलीत टाकला की पाणी चहासारखं तपकिरी व्हायचं, आणि फेकून परत टाका, परत तपकिरी, तिसऱ्या-चौथ्या वेळेला कुठे स्वच्छ. तरीही थोडं उरतं असं मानलं, तरी पहिल्या शतकातलं कापड चौदाव्या शतकाचं दिसायला नमुन्यातला जवळपास दोन तृतीयांश कार्बन आत्ताचा असावा लागेल. म्हणजे कापडापेक्षा घाणच जास्त.

२०२२ च्या एक्स-रेमध्ये कापडातलं सेल्युलोज, म्हणजे धागा ज्याचा बनतो तो पदार्थ, किती मोडलंय ते बघतात, आणि ते मोडणं तापमान आणि दमटपणावर अवलंबून असतं. ज्या तेरा शतकांची कसलीच नोंद नाही त्या काळात कापड साधारण २० ते २२.५ अंशांत आणि ५५ ते ७५ टक्के आर्द्रतेत होतं असं धरलं तरच २००० वर्षं जमतात, हे त्या लेखकांनी स्वतः लिहिलंय. आणि हे कापड १५३२ च्या आगीत चांदीच्या पेटीत होतं, चांदी वितळून ठिपकली आणि भोकं पडली, चांदी वितळते ९६० अंशाला. अशा कापडाचं वय त्याच्या झिजेवरून काढायचं म्हणजे मला तरी पटत नाही.

साक्षी३३

एवढं सोपं नाही हो. तो कोपरा सगळ्यात जास्त हाताळलेला आहे, प्रदर्शनात तिथेच धरून उभे राहायचे. रेमंड रॉजर्स हे १९७८ ला कफन तपासणाऱ्या टीममधले केमिस्ट, त्यांनी २००५ ला लिहिलं की त्या कोपऱ्याच्या धाग्यांत आणि बाकीच्या कापडात रासायनिक फरक आहे, म्हणजे तिथे नंतर रफू झालं असावं. ते काही भावनेने बोलणारे नव्हते. आणि चित्र कसं उमटलं याचं समाधानकारक उत्तर अजून नाहीये ना? १९७८ ला सलग १२० तास तपासून टीम म्हणाली की हे चित्रकाराचं काम दिसत नाही. मग एका कोपऱ्यावर सगळं कसं ठरवायचं?

अर्धायुष्य

कोपऱ्याबद्दल तुमची तक्रार रास्त आहे, मी असतो तर तीन जागांहून घेतलं असतं. रफूचं मात्र, २००२ ला जुनी ठिगळं काढून ज्यांनी कापड नीट केलं त्या मेख्टहिल्ड फ्लुरी-लेम्बर्ग, आयुष्यभर जुन्या कापडांवर काम केलेल्या, त्यांनी उलट्या बाजूनेही बघितलं आणि तिथे विणून जोडल्याची खूण नाही म्हणाल्या. धाग्याचा प्रश्न असेल तर मी त्यांचं ऐकीन. चित्र कसं झालं ते माहीत नाही यावरून कापड कधीचं ते ठरत नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि सारखे एकात एक घुसडले जातात. आणि सूक्ष्मदर्शकाचे तज्ज्ञ वॉल्टर मॅक्रोन यांना १९७८ ला कफनावरून घेतलेल्या धाग्यांवर गेरूसारखा लोहाचा रंग दिसला होता, तेव्हा टीमचंही एकमत होतं असं नाही.

जुनादस्तऐवज

कार्बन बाजूला ठेवून इतिहास सांगतो, मला वाटतं पानगळला त्याची गरज जास्त आहे.

लोकांची समजूत अशी की चर्चने खरं म्हटलं आणि विज्ञानाने येऊन खोटं पाडलं. तसं झालेलंच नाही. कफनाची पक्की नोंद सुरू होते १३५० च्या दशकात, फ्रान्समधल्या लिरे नावाच्या लहान गावात, जोफ्रुआ द शार्नी या सरदाराच्या चर्चमध्ये. आणि पहिला आक्षेप कोणाचा, तर त्या भागाच्या, म्हणजे त्रुआच्या बिशपचा! पिएर दार्सी यांनी १३८९ ला आविन्योंच्या पोप सातव्या क्लेमेंटला लिहिलं की माझ्या आधीच्या बिशपांनी चौकशी केली होती आणि रंगवणाऱ्यानेच ते कबूल केलं. क्लेमेंटने काय केलं, दाखवा म्हणाला, पण लोकांना सांगून दाखवा की हे खरं कफन नसून त्याची प्रतिकृती आहे. त्याच्याही आधी निकोल ओरेम, मोठा गणिती आणि पुढे स्वतः बिशप झालेला, त्याने या कापडाला धर्मगुरूंच्या फसवणुकीचं उदाहरण म्हणून लिहून ठेवलं. हे सगळे श्रद्धावान लोक होते. देवाच्या नावावर खोटं चालू नये म्हणून चिडले होते. कार्बनने सहाशे वर्षांनी त्यांच्याच म्हणण्याला आकडा दिला.

पुढे १४५३ ला कापड साव्हॉय घराण्याकडे, १५७८ ला तुरीनला, आणि १९८३ ला त्याच घराण्यातल्या, इटलीच्या शेवटच्या राजाच्या, दुसऱ्या उंबेर्तोच्या मृत्युपत्राने पोपकडे.

आणखी एक, तुमच्या आईच्या फोटोबद्दल. कापडावर फिकट दिसणारा तो चेहरा इतका ठळक १८९८ च्या आधी कोणी बघितलाच नव्हता. सेकोंदो पिया या वकिलाने त्या वर्षी कापडाचा फोटो काढला आणि अंधाऱ्या खोलीत काचेच्या निगेटिव्हवर तो चेहरा वर आला. म्हणजे आई रोज ज्याच्यासमोर बसते तो कॅमेऱ्यातून आलेला चेहरा आहे.

मार्थाताई

मी २०१५ ला तुरीनला जाऊन बघून आलेय. कॅथेड्रलमध्ये अंधार, सगळे गप्प, जेमतेम काही मिनिटं उभं राहू देतात. लांबून माणूस दिसतो, पुढून आणि पाठीमागून, डोक्याला डोकं लागलेला, गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा. थोडं पुढे झालं की दिसेनासा होतो, नुसतं कापड उरतं, आणि आगीचे डाग उलट ठसठशीत. माझ्या शेजारचे आजोबा रडत होते आणि मला तारीख माहीत असूनही माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची मला लाज नाही वाटली आणि आजही वाटत नाही.

पोप दुसरे जॉन पॉल १९९८ ला तिथेच म्हणाले होते की कफन हा श्रद्धेचा विषय नाही, चर्चला यावर निकाल द्यायचा अधिकार नाही, ते शास्त्रज्ञांनी तपासावं. पोप फ्रान्सिस यांनीही त्याला आयकॉन, म्हणजे प्रार्थनेसाठीचं चित्र, म्हटलं, अवशेष नाही म्हटलं. तेव्हा पानगळ, तुम्ही आईच्या श्रद्धेतून काही काढून घेताय असं समजू नका. पुनरुत्थानावरचा विश्वास या कापडावर कधीच टेकलेला नव्हता, शुभवर्तमानावर आहे.

सांगा तिला. पण तारखेपासून सुरू करू नका, या फोटोत तुला काय दिसतं हे आधी विचारा.

पानगळ७

ताई, काल विचारलं. आई म्हणाली, "कपाळावरचं रक्त दिसतं. कोणाला इतकं दुखलं होतं ते दिसतं." मग मी बिशपची गोष्ट सांगितली, तारीखही सांगितली. बराच वेळ काही बोलली नाही, नंतर विचारलं, "ज्याने केलं त्याने तरी प्रार्थना केली असेल का रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो जागच्या जागी आहे. रात्री बोटं टेकवली.

अर्धायुष्य, एक राहिलं, परत नमुना घेऊन प्रश्न मिटवता येईल का?

अर्धायुष्य

येईल. आता पूर्वीपेक्षा खूप कमी कापडात काम होतं आणि वेगवेगळ्या जागांहून थोडे थोडे धागे घेतले तर कोपऱ्याचा वाद तरी संपेल. कापड पोपचं आहे, त्यामुळे परवानगी तिथूनच हवी. माझं मत आहे की त्यांनी ती द्यावी.