मुंबईच्या दमट हवेत ताजी बिअर : टॅपरूमचे अनुभव लिहा

बाटलीतली बिअर वेगळी आणि टाकीतून नळाने थेट ग्लासात आलेली वेगळी, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पुण्यात २००९ साली डूलाली या ब्रूअरीने कोरिंथियन्स हॉटेलात टाक्या बसवल्या तेव्हा मात्र द्यावं लागत होतं. मुंबईचा नंबर त्यानंतर चार वर्षांनी लागला. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडात एका अमेरिकन माणसाच्या 'बार्किंग डिअर'मध्ये २०१३ साली बिअर बनू लागली, ते शहरातलं पहिलं ब्रूपब, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणारा पब. पुढे ते बंद पडलं, पण वाट पडली ती पडलीच. २०१५ मध्ये डूलालीची टॅपरूम (नळाची ताजी बिअर मिळणारी जागा) अंधेरीत आली, मग वांद्रं, कुलाबा, आणि आता उपनगरातल्या माणसालाही ट्रेन न बदलता ताजी बिअर मिळू शकते.

आपल्या राज्यात एक सोय आहे. इथल्या मायक्रोब्रूअरीला (छोट्या बिअर कारखान्याला) आपली बिअर केगमध्ये, म्हणजे पिंपात, भरून दुसऱ्या जागी विकता येते. त्यामुळे टाक्या जागा परवडेल तिथे आणि नळ गिऱ्हाईक असेल तिथे, असं जमतं. मुंबईतल्या भाड्यांत हे नसतं तर निम्म्या टॅपरूम उघडल्याच नसत्या.

तर अनुभव लिहा. कुठे गेलात, काय प्यालात, बिल किती झालं आणि घरी कसे पोचलात. नुसतं 'अँबियन्स छान' लिहायचं असेल तर त्यापेक्षा फोटो टाका.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. या हवेत गव्हाची, आंबटसर किंवा हलकी लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) प्यावी. मे महिन्यात सात टक्के अल्कोहोलची कडू आयपीए (इंडिया पेल एल) पिणं हा निव्वळ अट्टहास आहे.

डोंबिवली_फास्ट

पहिला प्रतिसाद आमचाच पाहिजे! गेटवे ब्रूइंग ही ब्रूअरी डोंबिवलीची. एमआयडीसी म्हटलं की लोकांना रसायनांचा वास आणि रंगीत नाले आठवतात, पण २०१४ पासून मुंबईच्या बारमध्ये जी 'व्हाइट झेन' बिअर जाते ती तिथूनच. मी ती वांद्र्यात बसून प्यालो. म्हणजे बिअर डोंबिवलीहून टेम्पोने गेली, मी दादरला बदलून लोकलने गेलो, आणि दोघं भेटलो ते पाचपट भाड्याच्या जागेत. शेवटची कर्जत पकडून घरी.

गिरगावची

बाबांना घेऊन लोअर परळच्या टॉइट या ब्रूपबला गेले होते. बाबा जुने लंडन पिल्सनरवाले. बाटली, शेजारी खारे शेंगदाणे, आणि ग्लास तिरका धरून फेस येऊ न देण्याची शिस्त. इथे वेटरने वरती चांगला दोन बोटं फेस असलेला ग्लास ठेवला तेव्हा त्यांना वाटलं आपल्याला फसवतायत.

मी त्यांच्यासाठी गव्हाची मागवली. पहिला घोट घेऊन थांबले, परत एक घेतला आणि म्हणाले, "यात लवंग घातलीय." वेटर म्हणाला, नाही सर, मसाला काहीच नसतो. बाबा हटेनात. आईच्या मसालेभातात एक लवंग जास्त पडली तरी ओळखणारा माणूस तो. शेवटपर्यंत त्यांचं म्हणणं तेच, की हे लोक लवंग टाकतात आणि सांगत नाहीत. कुणी जाणकार असेल तर खुलासा करा, आमच्याकडे अजून वाद चालू आहे.

जाता जाता : टॉइटचं ते कंपाउंड म्हणजे जुनी गिरणीच. बाबांचे मामा परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, त्यामुळे निम्मा वेळ छपराकडे बघण्यात आणि साच्यांचं खातं कुठे असेल याचा अंदाज बांधण्यात गेला. बिल मी त्यांना दाखवलं नाही.

माल्टवाला

गिरगावची ताई, बाबा बरोबर आणि वेटरही बरोबर. मी एका ब्रूअरीत काम करतो (नाव विचारू नका). जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये लवंग नसते, पण तिचं यीस्ट आंबवताना जो घटक तयार करतं त्याचा वास लवंगेसारखाच येतो. तेच यीस्ट केळ्याचा वासही देतं. साधारणपणे टाकी थोडी गरम ठेवली की केळं वर येतं, थंड ठेवली की लवंग. म्हणजे बाबांना मिळालेली टाकी बहुधा थंड बाजूची. त्यांचं नाक आम्हाला पाठवून द्या.

मुंबईच्या हवेबद्दल कुणी आतल्या बाजूने लिहिलेलं दिसत नाही, म्हणून थोडं लांबण लावतो. माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) साधारण ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचं, गाळायचं, मग तो गोड काढा हॉप्स (कडू फुलं) घालून तासभर उकळायचा. इथवर पुणे काय नि मुंबई काय, सारखंच. गंमत पुढे आहे. उकळता काढा झटपट १८-२० अंशांवर आणावा लागतो, कारण त्याहून गरम असताना यीस्ट टाकलं की भलतेच वास येतात, आणि काढा नुसता पडून राहिला तर नको ते जंतू शिरतात. थंड हवेच्या देशात नळाचं पाणी फिरवलं की काम होतं. इथे मे महिन्यात नळाचं पाणीच तीसच्या पुढे! त्याने काढा फार तर पस्तिसावर येणार. उरलेलं काम चिलरचं. त्यात लाइट गेली की आमची धावपळ बघण्यासारखी असते. लागर तर आणखी थंड, दहा-बारा अंशांवर आणि कित्येक आठवडे ठेवावी लागते. अठरा-वीस अंशांवर आंबणारी 'एल' जातीची बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते. छोट्या जागी लागर कमी का दिसते, त्याचं हे एक मोठं कारण. टाकी अडकून पडते आणि विजेचं बिल चालू राहतं.

चोथ्याचं काय करता असं सगळे विचारतात. आमच्याकडून तबेलेवाला नेतो. ओला चोथा या हवेत संध्याकाळपर्यंत आंबतो, म्हणून त्याचा टेम्पो सकाळी वेळेवर आला नाही की फोन मीच करतो.

गिऱ्हाइकांना एवढंच सांगेन, "तुमची स्पेशल कुठली" असं विचारू नका. "या आठवड्यात नवीन केग कुठला लावलाय" असं विचारा. आयपीएचा हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो, ती जुनी घेऊ नका. घोटभर चाखायला मागा, चांगल्या जागी कुणी नाही म्हणत नाही. ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. आणि फ्रीझरमधला बर्फाळलेला ग्लास परत करा. त्यात चव मरते.

विरार_लेडीज

मी एकटी जाते. हे मुद्दाम लिहितेय, कारण परमिट रूममध्ये बाई एकटी दिसली की "मॅडम, फॅमिली सेक्शन वरती" हे ठरलेलं, आणि वरती गेलं की ट्यूबलाइट आणि पडदे. अंधेरीच्या टॅपरूममध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या टेबलावर चौघं बोर्ड गेम खेळत होती, खाली एक लॅब्रॅडॉर पसरला होता, आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. हेच हवं होतं.

माझं गणित सोपं आहे. सहा ते साडेआठ विरार गाडीत चढणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला समजेल. तो वेळ मी एक ग्लास आणि एक पुस्तक यांत घालवते. मग गाडीत निदान पाय ठेवायला जागा मिळते.

हॉजसनचा_वंशज

धागाकर्ते, आयपीएला अट्टहास म्हणताय, पण ती बिअर आपल्यासारख्या हवेतल्या लोकांसाठीच निघाली होती! लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची फिकी कडू बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मद्रास, कलकत्ता आणि मुंबईला यायची. दोनशे वर्षांपूर्वी चालली, तर आज का नको?

धागाकर्ता

साहेबाच्या डोक्यावर पंखा ओढायला माणूस होता. आपल्याला परतीला बोरिवली स्लो आहे.

बिलवाचक

पैशांबद्दल कुणीच मोकळेपणाने लिहीत नाही, मी लिहितो. मेन्यूतली किंमत ही सुरुवात असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, तो वरून लागला. खाण्यावर जीएसटी वेगळा. एका जागी (नाव लिहीत नाही) त्यावर दहा टक्के सेवा शुल्क लावलं होतं. काढा म्हटलं तर मॅनेजरने असा चेहरा केला की जसं काही मी त्याच्या खिशात हात घातला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हे शुल्क आपोआप बिलात जोडता येत नाही. शांतपणे सांगायचं, काढतात. त्यानंतर वेटरच्या हातात रोख द्यायचे, त्याचं काय चुकलंय?

आणखी एक मजेशीर खर्च. आपल्याकडे प्यायला अजूनही परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. एका दिवसाचा पाच रुपये, आयुष्यभराचा हजार. मी आयुष्यभराचा काढून ठेवलाय. आजवर कुणी बघायला मागितलेला नाही.

नुकताच_एकवीस

बिअरला २१ लागतात. दारावरच्या माणसाने आधार कार्ड बघितलं, फोटो बघून हसला, पण सोडलं.

मालवणी_तिरफळ

पुण्याच्या ग्रेट स्टेट ब्रूअरीची मीठ घातलेली कोकम एल प्यालो. जर्मनीत लाइपझिगकडे मीठ आणि धणे घालून आंबट बिअर करतात म्हणे, त्याच जातीची. रंग सुरेख, आंबटपणा बरोबर, घाम आलेल्या माणसाला मीठही बरं वाटतं. तक्रार एकच. माझ्या घरी आमसुलं बरणीने पडलेली असतात, त्यांच्यासाठी एवढे पैसे मोजताना हात जड होतो. बरोबर तळलेली बोंबील मागवली, ती मात्र सुक्या पिठाने माखलेली. बोंबील रव्यात घोळवतात हो.

मिरामार_ते_मुलुंड

अमेरिकेत सॅन डिएगोत काही वर्षं काढली, आता मुलुंडला परत. तेही समुद्रकाठचं उबदार शहर, म्हणून लिहिते.

तिथे टॅपरूम समुद्रावर कमी आणि गोदामांत जास्त. मीरा मेसाला ब्लॅक माउंटन रोडवर आपली किराण्याची दुकानं आहेत. शनिवारी तूरडाळ, कढीपत्ता गाडीत टाकायचा आणि पाच-दहा मिनिटांवर मिरामारच्या औद्योगिक वसाहतीत शिरायचं. एका बाजूला गाड्यांचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला फरशीवाला, मध्ये ब्रूअरी. शटर वर, आत टाक्या, समोर लाकडी बाकं. बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर नाहीच. बाहेर फूड ट्रक असतो, नाहीतर आपलं खाणं आपण न्यायचं. आम्ही दुकानातले समोसे न्यायचो, आणि शेजारचे लोक चटणीबद्दल विचारायचे. लहान मुलं, कुत्री, आजी-आजोबा सगळे. दारू पिण्याच्या जागी मूल नेलं म्हणून सासूबाई आधी दचकल्या, मग त्याच बाकावर बसून त्यांनी त्याला वरणभात भरवला.

चार औंसांचे छोटे ग्लास मिळतात, म्हणजे साधारण १२० मिली. चार-पाच चाखून बघायच्या आणि गाडी चालवणाऱ्याने एकावर थांबायचं. एलस्मिथ ब्रूअरीमध्ये मी गेले तेव्हा टोनी ग्विन या बेसबॉलपटूचं छोटं संग्रहालय होतं. १९९४ च्या हंगामात त्याची सरासरी .३९४, म्हणून त्याच्या नावाच्या बिअरचं नावही तेच. आपल्याकडे सचिनच्या शंभर शतकांवर बिअर काढली तर काय होईल, याचा विचार माझ्या नवऱ्याने तिथे बराच वेळ केला.

तिथली आयपीए म्हणजे पाइनच्या चिकासारखी कडू, आणि आवडायचीही. पण उन्हाळ्यात तिथे पंचविसेक अंश, संध्याकाळी स्वेटर. मुंबईत तीच चव अर्ध्या ग्लासानंतर नको होते, त्यामुळे माझं मत धागाकर्त्यांच्या बाजूने. आणि तिथेही सगळं गोड नाही. तिथली बॅलास्ट पॉइंट ब्रूअरी २०१५ मध्ये शंभर कोटी डॉलरच्या आसपास विकली गेली आणि चार वर्षांत परत विकावी लागली, स्टोन ब्रूअरी २०२२ मध्ये जपानच्या सप्पोरो कंपनीकडे गेली. आपल्याकडच्या छोट्या ब्रूअरीजनी हे बघून ठेवलेलं बरं.

म्हापशेकार

गोव्यात एप्रिलमध्ये येऊन क्राफ्ट बिअर शोधणाऱ्यांना माझा नमस्कार. साळगावजवळ सांगोल्ड्याला गोवा ब्रूइंगची 'एट फिंगर एडी' बिअर चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण मार्च ते मे आमच्याकडे हुर्राक असतो. काजूच्या बोंडूच्या आंबवलेल्या रसाची पहिल्या धारेची दारू, लिंबाचा सोडा, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. हंगाम संपला की संपला, बाटलीत भरून ठेवण्यात अर्थ नाही. यापेक्षा ताजं काय पिणार?

लिंबूसोडा

मी पीत नाही, ग्रुपमधला कायमचा गाडीवाला. टॅपरूमवाल्यांनो, न पिणाऱ्यांसाठी कोकाकोला सोडून काहीतरी ठेवा. आणि अ‍ॅपल सायडर म्हणजे सफरचंदाचा रस नव्हे, त्यातही दारू असते. तिथल्या कॅप्टनने (मुख्य वेटरने) मला तीच आग्रहाने सुचवली होती.

नळाची_चव

एका प्रसिद्ध जागी (उपनगर, एवढंच) लागरला पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास येत होता. सांगितलं तर म्हणाले, "सर, यही फ्लेवर है." माल्टवाले दादा, हे काय असतं?

माल्टवाला

यीस्टने काम पुरं करायच्या आत बिअर थंड केली की होतं, किंवा नळाच्या पाइपा साफ नसल्या की. फ्लेवर नाही, दोष आहे. ग्लास परत द्यायचा. आणि तिथे दुसरी कुठलीही मागवू नका, पाइपा सगळ्या तशाच असणार.

डोंबिवली_फास्ट

एवढे लोक आहेत तर कट्टा करू या ना. जुलैचा पहिला रविवार? पाऊस असला तरी हरकत नाही, अंधेरी स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा बघू.

धागाकर्ता

आधी पंचांग बघा. आषाढी एकादशी त्या सुमारास येते आणि तो ड्राय डे. त्या रविवारी आलीच, तर पुढचा रविवार धरू. मिरामार ते मुलुंड ताई, समोसे आणू नका, इथे बाहेरचं खाणं दारातच काढून ठेवतात. म्हापशेकार, तुमच्या बाटलीचंही तेच होईल.