मदत हवी आहे: खाऱ्या हवेतली पद्मिनी
मंडळी, रत्नागिरीत आमचं चिऱ्याचं जुनं गॅरेज आहे. आजोबांची प्रीमियर पद्मिनी मोटार आणि एक अँबॅसेडर तिथे मांडून ठेवल्यात. दिवाळीनंतर जुन्या गाड्यांचे क्लबवाले बघायला येतात, म्हणून डागडुजी काढलीय. कौलं परतून झाली, पद्मिनीसाठी ‘१०८९ सीसी, कुर्ल्यात बनलेली’ अशी पाटीही रंगवली. अडलंय ते गंजापाशी. पद्मिनीच्या बंपरचं क्रोम फोडासारखं फुगलंय, दाराच्या खालच्या कडेला बोट लावलं की तांबडा भुगा हातात येतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं (चूक माझीच), आतून सगळा घाम धरला. यापुढे सुतीच. पण भिंतींना ऑइलपेंट द्यावा की चुनाच बरा? समुद्रकाठी डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) कोणी वापरलाय का, वीजबिल झेपतं का? आणि गंज रोखायला दाराच्या पोकळीत मेण मारणारा कारागीर चिपळूण-कुडाळकडे असेल तर नक्की कळवा.