जायफळाचे नर एकाच कोपऱ्यात, खालच्या माद्यांना फळ नाही

सावईवेरेकर: कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जायफळाची ४६ झाडं आहेत: ४० मादी, ६ नर. सगळे नर वर झरीकडे एकत्र आलेत. त्यांच्या शेजारच्या माद्या लगडतात. खाली ओहोळाकडच्या १५ झाडांना फूल भरपूर, पण देठासकट गळतं. नर जास्त झालेत म्हणून तीन तोडावेत का?

पोफळबाग: तोडू नका, निदान आत्ता तरी. दहा माद्यांमागे एक नर पुरतो. संख्या ठीक आहे, जागा चुकलीय. परागकण नेणारे किडे बारीक असतात, पोफळींच्या दाटीतून पार खालपर्यंत पोचत नाहीत. शिवाय एका फळात एकच बी, विकायचं ते तेच आणि त्यावरची जायपत्री. पराग पोचला नाही की हाती काहीच नाही.

आधी खात्री करा. खालच्या एका झाडावर ५० ताजी फुलं धाग्याने खुणवा. सकाळी नराचं फूल फाडून आतला केसरांचा दांडा मादीफुलाच्या तोंडाशी हलका घासा. तोंड अरुंद असतं, त्याची कड थोडी खुडली की काम सोपं होतं. दुसरी ५० नुसती खुणवून ठेवा. महिन्याने मोजा. हात लावलेली टिकली तर पराग कमी पडतोय. दोन्ही सारखीच गळली तर पाणी, सावली किंवा रोग बघा, नराचा दोष नाही.

डोळकाडी: पराग कमी ठरला तर खालच्या दोन-तीन माद्यांवर एकेका फांदीला नराचं कलम करा. त्यासाठी आडव्या फांदीची काडी चालते. वरच्या एखाद्या नरावर मादीचं कलम करून त्याला मादी करायचं असेल तर मात्र काडी उभ्या शेंड्याचीच हवी, नाहीतर झाड वर न जाता झुडपासारखं पसरतं. जुनी एक फांदी रस ओढायला ठेवा. सगळी एकदम छाटली की खुंट वाळतो. सांध्यात पाणी शिरलं तर कलम कुजतं, म्हणून वर प्लास्टिकची टोपी.

सावईवेरेकर: आणि नवीन लागवड?

पोफळबाग: कलमंच लावा. बियांच्या रोपात निम्मे नर निघतात आणि ते कळायला सहा-आठ वर्षं जातात. ८ मीटर अंतर ठेवा. दर तिसऱ्या ओळीत दर तिसरं झाड नर, म्हणजे प्रत्येक मादीला एक नर शेजारी. पायऱ्यांच्या कुळागरात ओळी सरळ येणार नाहीत, तिथे प्रत्येक पायरीवर नर आहे ना एवढं बघा.

डोळकाडी: नर छाटण्याआधी एक हंगाम नीट पाहा. काही नरांवर थोडी मादीफुलंही येतात. आणि फुलोऱ्यात कीटकनाशक नको, पराग नेणारे किडेच मरतात.