सी ड्राइव्ह भरली, विनएसएक्सएस फोल्डर उडवलं तर चालंल का?

झेरॉक्सवाला_गंगाखेड
माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान हाय. विंडोज १०, ८ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी. ऐन पीक विम्याच्या गर्दीत सी ड्राइव्ह लाल झाली, सातबाऱ्याची पीडीएफसुद्धा सेव्ह होईना. शोधलं तर विंडोज फोल्डरात विनएसएक्सएस नावाचं एकटंच ११ जीबी खाऊन बसलेलं. पुसायला गेलो तर म्हणायलंय, ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी आणा. हा कोण बाबा? कॉम्प्युटर माझा, अॅडमिन मी, हप्ते मी भरायलो! भाचा म्हणायलाय, मालकी आपल्या नावावर करून घे अन् उडव. करू का?

रिपेरीवाला_नांदेड
आधी भाच्याला आवरा. मालकी बदललेली अशी मशीनं माझ्याकडं येत असतात. अपडेट बसत नाही, शेवटी फॉरमॅट.

ट्रस्टेडइन्स्टॉलर ही विंडोजचीच सर्व्हिस. व्हिस्टा या विंडोजच्या आवृत्तीपासून बहुतेक सिस्टिम फायली तिच्या मालकीच्या. अॅडमिनला त्या वाचता अन् चालवता येतात, बदलायच्या तर अपडेटच्या वाटेनंच. त्याआधीच्या एक्सपीत फाइल पुसू द्यायचे अन् मागून गुपचूप परत आणून ठेवायचे, आता हातच लावू देत नाहीत.

राहिले ११ जीबी. विनएसएक्सएस म्हंजे विंडोजच्या सिस्टिम फायलींचा साठा, पण तो आकडा फसवा हाय. सिस्टिम३२ या विंडोजच्या मुख्य फोल्डरातल्या पुष्कळ फायली खऱ्या विनएसएक्सएसमधल्याच, डिस्कवर जागा एकच, नावं दोन. एका सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं असली अन् दोघांपुढं आख्खं क्षेत्र धरून बेरीज मारली, की २ एकराचे ४ होतात. रान तेवढंच!

डिस्क क्लीनअप उघडा, 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा. मागच्या विंडोजचं फोल्डर दिसलं तर त्यावर टिक करा, फक्त मग जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही.

मास्तरीण_लातूर
विनएसएक्सएस पुसलं तर दुरुस्तीचं सामानच गेलं म्हणून समजा. आमच्या लॅबमधे अपडेट चालू असताना लाइट गेली अन् एक मशीन धड चालंना. एसएफसी स्कॅननाऊ (सिस्टिम फायली तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवलं तर म्हणे, बिघाड सापडला पण दुरुस्त होईना. कारण ते चांगली प्रत विनएसएक्सएसमधूनच उचलतं अन् तिथलीच खराब झालेली. आधी डिसमचं रिस्टोअरहेल्थ (विनएसएक्सएसच दुरुस्त करणारी कमांड) चालवलं, त्यानं नेटवरून चांगल्या फायली आणल्या, मग एसएफसी पास.

आणखी एक, भाच्यासाठी. '३२ बिट जुनं झालं' म्हणून सिस्टिम३२ ला हात लावू नका. ६४ बिट विंडोजमधे ६४ बिटच्या फायली त्यातच असतात, ३२ च्या सिसवाव६४ मधे. नावं उलटी वाटतात खरी, पण जुन्या प्रोग्रॅममधे तेच नाव लिहिलेलं म्हणून ठेवलं.

झेरॉक्सवाला_गंगाखेड
मागचं विंडोज १४ जीबीचं निघालं. हायबरनेट (बंद करताना चालू काम डिस्कवर साठवून ठेवायची सोय) बंद केलं, त्याचे ३ आले. सी ड्राइव्ह निळी झाली, दुपारून फॉर्म चालू केले. भाच्याचं खातं अॅडमिनवरून स्टँडर्ड करून टाकलं. रुसलाय, चहा आणायलाबी उठंना.