शब्दचर्चा: 'डॉटफाइल्स'ला मराठीत काय म्हणावं?

रत्नागिरीहून

.बॅशआरसी, .व्हिमआरसी, .गिटकॉन्फिग असल्या टिंबाने सुरू होणाऱ्या, प्रोग्रॅम आपल्या मनासारखे चालवायच्या फाइली (डॉटफाइल्स) गिटमध्ये, म्हणजे फाइलींचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, कशा सांभाळाव्यात यावर कॉलेजच्या मुलांसाठी मराठी टिपण तयार होतंय. गाडी अडलीय शब्दांवर. 'डॉटफाइल', 'कॉन्फिगरेशन', 'रिपॉझिटरी', 'कमिट', 'सिमलिंक' या पाचांना काय लिहायचं? 'संरूपण संचिका' लिहिलं तर मुलं पहिल्याच पानावर पळतील. सगळे इंग्रजी शब्द तसेच ठेवले तर मराठीत लिहिलं कशाला? (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहू. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टंकायच्या.)

चिपळूणहून

सर्वात आधी 'लपलेली फाइल' हा शब्द बाद करा. टिंब म्हणजे कुलूप नव्हे. युनिक्स या संगणकप्रणालीच्या प्रत्येक फोल्डरात '.' आणि '..' अशा दोन नोंदी असतात, एक त्याची स्वतःची, दुसरी वरच्या फोल्डरची. 'एलएस' या आज्ञेने येणाऱ्या फाइलींच्या यादीत या दोन दिसू नयेत म्हणून 'पहिलं अक्षर टिंब असेल तर वगळ' अशी आखूड तपासणी लिहिली गेली, आणि टिंबाने सुरू होणारी सगळीच नावं तिच्यात अडकली. युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये ही हकिगत लिहिली तेव्हा तिला सोय नाही, चूक म्हटलं होतं. 'एलएस -ए' केलं की सगळं उघडं. 'लपलेली' म्हटलं की नवख्याला वाटतं, पासवर्ड इथे ठेवला तर चालेल.

म्हणून 'टिंबफाइल'. बोलताना 'टिंबाच्या फाइली' होईल, होऊ दे. 'बिंदू' भूमितीत शोभतो, 'ठिपका' रांगोळीत. अक्षराच्या अंगाला लागतं ते टिंब.

रत्नागिरीहून

टिंबफाइल आवडलं. पण नावाच्या शेपटीला असलेल्या 'आरसी'चं काय? मुलांना गाडीचं आरसी बुकच आठवतं.

चिपळूणहून

'रन कमांड्स'. १९६० च्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएस प्रणालीवर आज्ञांची यादी फाइलमधून एकामागून एक चालवण्याची सोय होती, तिचं नाव 'रनकॉम'. त्याचे हे अवशेष. म्हणजे .बॅशआरसी ही आवडीनिवडींची नोंद नाही, चालवली जाणारी आज्ञावली आहे. विंडोजवर संपादित होऊन आलेल्या .बॅशआरसीत ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर असतं, आणि बॅश (टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) तेही आज्ञेचा भाग समजून '\आर: कमांड नॉट फाउंड' म्हणत बसतो. दप्तरात .गिटॲट्रिब्यूट्स फाइल करून '* टेक्स्ट=ऑटो ईओएल=एलएफ' ही एक ओळ टाकली की ते थांबतं.

देवगडहून

चिपळूणकरांनी जाता जाता 'दप्तर' लिहून टाकलंत, त्यावर शिक्कामोर्तब करा. रिपॉझिटरीला, म्हणजे गिट फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवतो त्या जागेला, 'भांडार' म्हटलं की रेशनचं दुकान डोळ्यांसमोर येतं, 'कोठारा'त धान्य असतं, नोंदी नसतात. दप्तराला दोन्ही अर्थ आहेत: पेशवे दप्तरातलं, आणि शाळेत पाठीला लावून न्यायचं. टिंबफाइलींचं दप्तर दोन्ही कामं करतं. पेशवे दप्तरात कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले, त्यांना 'रुमाल' म्हणतात. स्टो (दप्तरातल्या फाइली होम फोल्डरात जोडून देणारं साधन) वापरणाऱ्यांनी बॅशचा एक रुमाल, व्हिम या संपादकाचा दुसरा असं म्हणायला हरकत नाही.

आता कमिट, म्हणजे फाइलींची आत्ताची स्थिती गिटमध्ये जतन करणं. यंत्रभाषांतर 'वचनबद्ध करा' देतं, ते सोडा. माझं मत 'फेरफार'. कोकणात ज्याच्या नावावर चार गुंठे आहेत त्याला हा शब्द समजावावा लागत नाही. सातबारा आजची स्थिती दाखवतो, ती कशी झाली ते गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव खोडत नाहीत, कंस करतात, आणि शेजारी फेरफार क्रमांक. गिटचंही तसंच. फाइल हा सातबारा, 'गिट लॉग' हा नमुना ६.

अलिबागहून

उपमा छान, पण एका ठिकाणी फसवते. फेरफार नोंदीत फक्त बदल असतो. गिटची कमिट त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींचं पूर्ण चित्र धरून ठेवते, आणि शिवाय आदल्या कमिटचा ४० अंकी हॅश, म्हणजे तिचा ओळखक्रमांक. फरक साठवलेला नसतो, मागितलात की दोन चित्रं शेजारी ठेवून काढून दिला जातो. शिवाय फेरफाराला चढता क्रमांक असतो. इथे क्रमांक मजकुरातूनच निघतो, त्यामुळे जुनी एक कमिट बदलली की तिच्यापुढच्या सगळ्यांचे हॅश बदलतात.

सुचवणी: कमिट म्हणजे 'नोंद', डिफ (दोन चित्रांतला फरक) म्हणजे 'फेरफार'. 'नोंद केली', 'नोंदीतला फेरफार बघ', दोन्ही तोंडात बसतं.

देवगडहून

मान्य. मग 'रिव्हर्ट'साठी 'कंस करणे' तरी राहू द्या. रिव्हर्ट जुनी नोंद पुसत नाही, उलटा बदल करणारी नवी नोंद घालतो. अगदी तलाठ्याच्या कंसासारखं.

रत्नागिरीहून

राहू दे. 'कॉन्फिगरेशन'?

चिपळूणहून

'सेटिंग' मराठीत वेगळ्याच कामाला जुंपलेलं आहे ('त्याने सेटिंग लावली'), त्यामुळे ते जपून. 'संरचना' म्हणजे स्ट्रक्चर. क्रियापद म्हणून 'घडी बसवणे' घ्या: मशीनची घडी बसवली, अपडेटनंतर विस्कटली. नाम म्हणून 'कॉन्फिग' लिहा आणि पुढे चला. प्रत्येक शब्दाला मराठी कोंदण हवंच असं नाही.

गुहागरहून

शब्द ठरतायत तोवर टिपणातल्या पायऱ्या नीट मांडा, चुका तिथेच होतात. सर्वात हलकी पद्धत उघड्या दप्तराची, म्हणजे बेअर रिपॉझिटरीची. 'उघडं' म्हणजे सार्वजनिक नव्हे. ज्याला स्वतःचं कामाचं फोल्डर नाही ते.

'गिट इनिट --बेअर ~/.डॉटफाइल्स' (~ म्हणजे तुमचं होम फोल्डर, पुढे नुसतं 'घर'). मग .बॅशआरसीत टोपणनाव: एलियस टिंब='गिट --गिट-डिर=$होम/.डॉटफाइल्स --वर्क-ट्री=$होम'. नंतर 'टिंब कॉन्फिग --लोकल स्टेटस.शोअनट्रॅक्डफाइल्स नो', नाहीतर 'टिंब स्टेटस' अख्ख्या घराची यादी वाचून दाखवेल. पुढे नेहमीसारखं: 'टिंब ॲड ~/.व्हिमआरसी', 'टिंब कमिट', 'टिंब पुश' (नोंदी दूरच्या सर्व्हरवरच्या दप्तरात पाठवणं).

नव्या मशीनवर 'गिट क्लोन --बेअर' (दप्तराची प्रत आणणं), तेच टोपणनाव, आणि 'टिंब चेकआउट' (फाइली घरात उतरवणं). पहिल्या फटक्यात हे बहुधा अडतं, कारण नव्या मशीनने स्वतःची .बॅशआरसी आधीच टाकलेली असते आणि गिट ती तुडवायला नकार देतो. त्या फाइली बाजूच्या फोल्डरात हलवा, पुन्हा चेकआउट. शोअनट्रॅक्डफाइल्स इथेही पुन्हा लावावं लागतं, --लोकल कॉन्फिग क्लोनबरोबर येत नाही. आणि बेअर क्लोन दूरच्या शाखा (नोंदींच्या वेगवेगळ्या वाटा) कुठे उतरवायच्या ते लिहून ठेवत नाही. 'टिंब फेच' (सर्व्हरवरच्या नव्या नोंदी आणणं) निमूट चालतं, पण ओरिजिनच्या, म्हणजे त्या दूरच्या दप्तराच्या, शाखा दिसतच नाहीत. त्यासाठी 'टिंब कॉन्फिग रिमोट.ओरिजिन.फेच' आणि पुढे अवतरणात '+रेफ्स/हेड्स/*:रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/*'.

दोन आज्ञा टिपणात लाल चौकटीत टाका. 'टिंब ॲड .' घरातलं सगळं उचलते, .एसएसएच (दूरच्या मशीनमध्ये शिरायच्या चाव्यांचं फोल्डर) सकट. तिच्याऐवजी 'टिंब ॲड -यू', ती फक्त आधीपासून दप्तरात असलेल्यांना हात लावते. दुसरी 'टिंब क्लीन -एफडी'. इथे कामाचं फोल्डर म्हणजे तुमचं घर, आणि दप्तरात नसलेलं सगळं तिच्या लेखी कचरा. फोटो, कागदपत्रं, सगळं जाईल. शोअनट्रॅक्डफाइल्स 'नो' असल्याने ती थांबत नाही. ते फक्त स्टेटसची बडबड कमी करतं.

मालवणहून

चावीचा भाग कोणी लिहिलाच नाही. एसएसएचची खासगी चावी दप्तरात टाकायची नाही, दप्तर खासगी असलं तरी. एकदा पुश झाली की पुढच्या नोंदीत काढून उपयोग नाही, आधीच्या नोंदीत ती शाबूत. आमच्या भाषेत सांगायचं तर पयली चावी बदल, मगे इतिहास पूस. म्हणजे आधी सर्व्हरवरून जुनी चावी रद्द, मग 'गिट फिल्टर-रेपो', मग जबरदस्तीचा पुश. ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांच्याकडे ती राहणारच, म्हणून क्रम उलटा करायचा नाही.

चावी वगळून नुसतं .एसएसएच/कॉन्फिग ठेवलं तरी एक गोम आहे. गिट परवानग्यांपैकी फक्त 'चालवता येते की नाही' एवढंच लक्षात ठेवतो. तुमची ६०० ची (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी) फाइल नव्या मशीनवर ६४४ (इतरांना वाचता येणारी) होऊन उतरते, आणि तिथला युमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा आकडा) ००२ असेल तर ६६४ (गटालाही लिहिता येणारी). ६६४ झाली की एसएसएच 'बॅड ओनर ऑर पर्मिशन्स' म्हणून बसकण मारतो. चेकआउटनंतर 'सीएचमॉड ६००' करायचं.

आणि जून-जुलैची वीज. नोंद चालू असताना लाइट गेली आणि यूपीएस नसला तर दप्तरात शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइली (गिट ज्यांत नोंदी साठवतो त्या) राहतात. पुढच्या वेळी गिट 'ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी' ओरडतो. घाबरून सगळं पुसू नका. आधी दप्तराच्या फोल्डरची जशीच्या तशी प्रत. मग 'ऑब्जेक्ट्स'मधल्या रिकाम्या फाइली बाजूला, मग 'फेच', शेवटी तपासणीची आज्ञा 'एफएससीके'. पुश झालेल्या नोंदी परत येतात, न झालेल्या पुन्हा करायच्या. फाइली घरात जागेवरच असतात, त्यामुळे नुकसान बहुधा एका नोंदीचं. म्हणून पुश उद्यावर टाकायचा नाही. आगोटीची खरेदी आपण पाऊस सुरू झाल्यावर करत नाही.

रत्नागिरीहून

'बॅकअप'ला 'बेगमी' म्हणावं का मग?

मालवणहून

नको. बेगमी खाऊन संपते.

अलिबागहून

मुलांचा पुढचा प्रश्न नक्की हा: कॉलेजचं मशीन आणि घरचं मशीन यांत थोडा फरक हवा असतो, मग दोन शाखा करायच्या का? करू नका. प्रत्येक बदल दोन्हीकडे ओढत बसावं लागतं. चाकरमान्याचं मुंबईच्या खोलीत एक बिऱ्हाड, गावच्या घरात एक, पण कुलदैवत एकच ना. सामाईक ते दप्तरात, फरक तेवढा .बॅशआरसी.लोकलमध्ये, आणि .बॅशआरसीच्या शेवटी 'ती फाइल असेल तर वाच' अशी ओळ. लोकल फाइल दप्तरात नाही.

गिटचं नाव-ईमेल बदलण्यासाठी 'इन्क्लूडइफ' (अट जुळली तरच दुसरी कॉन्फिग फाइल वाचायला लावणारी ओळ) आहे, २०१७ च्या २.१३ आवृत्तीपासून. 'गिटडिर:~/काम/' अशी अट लिहिताना शेवटची तिरकी रेघ विसरायची नाही. ती असली तर आतली सगळी दप्तरं धरली जातात. नसली तर आतल्या दप्तरांना अट लागत नाही, आणि कसलीही तक्रार न करता चुकीच्या ईमेलने नोंदी होत राहतात.

फरक फारच वाढले तर शेम्वा, टिंबफाइली सांभाळणारा प्रोग्रॅम. फ्रेंचमध्ये 'माझ्या घरी', आपल्या बोलीत 'आमच्याकडे'. तो .बॅशआरसीला दप्तरात 'डॉट_बॅशआरसी' नावाने ठेवतो आणि साच्यातून खरी फाइल तयार करतो. नावाआधी 'प्रायव्हेट_' लावलं की ती फाइल इतरांना बंद. मालवणकरांची ६४४ ची तक्रार तिथे मिटते.

रत्नागिरीहून

चार झाले. 'सिमलिंक' राहिला.

देवगडहून

सिमलिंक म्हणजे दुसरीकडे असलेल्या फाइलीकडे बोट दाखवणारं नुसतं नाव. 'प्रतीकात्मक दुवा' सरकारी आहे. 'पाटी' म्हणा. रस्त्याच्या फाट्यावर गावाची पाटी असते, गाव नसतं. स्टो हेच करतो. मूळ इंग्रजी शब्द जहाजात माल नीट रचून ठेवण्याचा, पण प्रत्यक्षात तो घरात पाट्या ठोकतो आणि माल दप्तरात राहतो. ~/डॉटफाइल्स/बॅश/.बॅशआरसी अशी मांडणी करून, ~/डॉटफाइल्समध्ये उभं राहून 'स्टो बॅश'. पाट्या एक पायरी वरच्या फोल्डरात लागतात, म्हणून दप्तर ~/कोड/डॉटफाइल्समध्ये असेल तर त्या भलतीकडे, ~/कोडमध्ये ठोकल्या जातात. तिथे '-टी ~' द्यायचं. आधी 'स्टो -एन -व्ही' करून काय होणार ते बघून घ्या.

घरात आधीच खरी फाइल असेल तर स्टो थांबतो. '--अडॉप्ट' दिलं तर ती फाइल दप्तरात ओढून पाटी लावतो, म्हणजे दप्तरातली प्रत तुडवली जाते. त्यामुळे आधी नोंद, मग अडॉप्ट, मग 'गिट डिफ'ने फेरफार बघून काय ठेवायचं ते ठरवायचं. आणि .कॉन्फिगमध्ये एखादं फोल्डर नसेलच तर स्टो अख्ख्या फोल्डराची एकच पाटी लावतो. मग तो प्रोग्रॅम आपल्या तात्पुरत्या फाइली थेट तुमच्या दप्तरात टाकायला लागतो. '--नो-फोल्डिंग'ने प्रत्येक फाइलीला वेगळी पाटी मिळते.

गुहागरहून

'पाटी'ला माझंही मत. एक भर. काही प्रोग्रॅम सेव्ह करताना जुन्या फाइलीत लिहीत नाहीत. नवी फाइल लिहितात आणि तिला जुनीचं नाव देतात. असं झालं की पाटी जाते आणि तिच्या जागी खरी फाइल येते. पुढचे बदल घरात होतात, दप्तर जुनंच राहतं, आणि 'गिट स्टेटस' म्हणतो सगळं स्वच्छ. 'एलएस -एल' करून नावापुढे बाण दिसतो का बघायचं. बाण नसेल तर घरातली फाइल दप्तरातल्या फाइलीवर कॉपी करा, घरातली काढा, आणि 'स्टो -आर बॅश' करून पाटी पुन्हा ठोका.