थेरपिस्ट ‘आपल्यातलाच’ असावा का?

काठावरची:
गेल्या वर्षी काही महिने मी एका थेरपिस्टकडे जात होते. त्यांचे शिक्षण उत्तम होते, बोलणे मृदू होते. एका सत्रात मी सांगितले की आजारी वडिलांना विचारल्याशिवाय मी नोकरी बदलणार नाही. त्यावर त्यांनी मान डोलावली आणि वहीत ‘परावलंबी’ असा शब्द लिहिला, जो मला टेबलापलीकडून उलटा वाचता आला. नंतर मी जिच्याकडे गेले, तिने पहिल्याच भेटीत आपण कुठल्या भाषेत आणि कशा घरात वाढलो हे दोन वाक्यांत सांगितले. माझी तीच गोष्ट ऐकून तिने विचारले, “वडिलांना विचारताना नेमकी कशाची भीती वाटते?” म्हणून माझे मत असे की थेरपिस्टने पदवीइतक्याच मोकळेपणाने आपली पार्श्वभूमी सांगावी आणि क्लायंटने ती विचारात घेऊन निवड करावी.

तर्कटी:
आपल्याला आलेला अनुभव वाईट थेरपिस्टचा आहे, परक्या पार्श्वभूमीचा नव्हे. कॅब्राल आणि स्मिथ या संशोधकांनी 2011 मध्ये या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लोकांना आपल्याच वंशाचा थेरपिस्ट हवासा वाटतो हे ठळकपणे दिसले. पण उपचाराच्या परिणामात पडणारा फरक जवळजवळ शून्य निघाला. आवड आणि गुण येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ‘आपल्यातल्या’ माणसाचा एक धोका कोणी बोलत नाही: त्याला सगळे आधीच ठाऊक असते. माझ्या थेरपिस्टने “अहो, आपल्याकडे असंच असतं” एवढे म्हणून माझा प्रश्न मिटवून टाकला होता. परका असता तर निदान ‘असं म्हणजे कसं?’ एवढे तरी विचारले असते.

दुसरी_खुर्ची:
मी या व्यवसायात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तर्कटी यांनी दिलेला निष्कर्ष बरोबर आहे, पण तो सरासरीचा आहे. त्याच विश्लेषणात कृष्णवर्णीय अमेरिकी क्लायंटच्या बाबतीत जुळणीचा थोडा फायदा दिसला होता. आणि वंश जुळला म्हणजे दुःखाची भाषा जुळली असे नाही. झिम्बाब्वेमध्ये शोना भाषिक लोक ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. तिथे 2006 पासून आरोग्यकेंद्रांबाहेरच्या बाकावर बसून, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या वयस्कर स्त्रिया याच शब्दाला धरून लोकांशी बोलतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या बाकावर बसलेल्यांची लक्षणे सहा महिन्यांनी कमी आढळली. ‘नैराश्य’ या शब्दाने सुरुवात केली असती, तर त्यांतले कितीजण बाकावर टेकले असते?

उलट उदाहरणही आहे. मनोविकारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन 1953 मध्ये अल्जीरियातील ब्लिडाच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. सभा, समारंभ, रुग्णांचे वार्तापत्र असे युरोपीय पद्धतीचे उपक्रम युरोपीय स्त्रियांच्या कक्षात रुजले आणि मुस्लिम पुरुषांच्या कक्षात साफ फसले. मग तिथे त्यांच्या ओळखीचे कॉफीगृह उघडले, कथेकरी बोलावले, तेव्हा कुठे माणसे बोलती झाली.

तर्कटी:
फॅनन यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे! ते मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरचे, त्यांना अरबी येत नव्हते, दुभाष्यामार्फत काम चालत होते. पार्श्वभूमी जुळत नसताना त्यांनी चूक ओळखली, कारण दोष रुग्णांत न शोधता पद्धतीत शोधला. मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या 2013 च्या आवृत्तीत सांस्कृतिक मुलाखतीसाठी सोळा प्रश्नच दिले आहेत. तुमच्या घरचे या त्रासाला काय म्हणतात, त्याचे कारण काय मानतात, अशा धर्तीचे. ते कोणीही विचारू शकतो. मग स्वतःच्या घराची हकीकत क्लायंटला ऐकवण्याची गरज काय? सत्राचे पैसे तो भरतो.

दुसरी_खुर्ची:
सोळा प्रश्न पाठ करून विचारणारेही मी पाहिले आहेत. उत्तर येण्याआधी त्यांची नजर पुढच्या प्रश्नावर गेलेली असते. मात्र एक गोष्ट मान्य. संस्कृतीचा आदर म्हणून घरातल्या मारहाणीपुढे गप्प बसणारा थेरपिस्ट संवेदनशील नसून भित्रा असतो, आणि ही चूक बहुधा ‘आपल्यातले’च करतात.

काठावरची:
दोन वाक्यांना ‘हकीकत’ म्हणणे जरा जास्तच झाले. ती दोन वाक्ये सांगून ती थांबली होती, उरलेला पाऊण तास माझाच होता.

तर्कटी:
बरे, दोन वाक्येच. पण तिने ती न सांगता थेट तोच प्रश्न विचारला असता तर?

काठावरची:
तर मी “भीती कसली? वडीलच तर आहेत” असे म्हणून हसले असते आणि विषय बदलला असता. पहिल्या थेरपिस्टकडे मी प्रत्येक सत्रात तेच करत होते.