क्लोद्स हॉर्समधला घोडा कुठून आला?

भाची लंडनला शिकायला गेलीय, तिने खोलीचा फोटो पाठवला, हीटरपाशी घडीचा स्टँड आणि त्यावर मोजे, टीशर्ट, एक टॉवेल वाळत घातलेला. म्हणे घरमालकीणबाई याला क्लोद्स हॉर्स म्हणतात. आता स्टँडमधे घोडा कसा घुसला? कुणाला माहितीय का?

*

ताई, पायांवर उभा राहून ओझं पेलतो तो घोडा, एवढंच आहे त्यात. सुतार ज्याच्यावर लाकूड आडवं टाकून कापतो तो सॉहॉर्स, त्याचाच हा भाऊ. आणि चित्रकाराचा ईझल, म्हणजे चित्र टेकवायचा स्टँड, तर डच एझेलवरून आलाय, म्हणजे चक्क गाढव! बाकी भारी भारी कपडे मिरवत फिरणाऱ्यालाही इंग्रजीत क्लोद्स हॉर्स म्हणतात, कपडे टांगायला बरा, आत काही नाही अशा अर्थाने, तेव्हा भाचीला सांगून ठेवा, कुणी म्हटलं तर खूश होऊ नकोस.

*

हसताय काय, आपल्याकडेही बंदुकीला घोडा आहे, सतारीच्या तारा जिच्यावरून जातात ती घोडी आहे. आमच्याकडे कपड्यांना मात्र घोडा नव्हता, अंगणात ऊन रग्गड. आमच्या आजीकडे पडवीत आढ्याला टांगलेली बांबूची वलणी होती, हात पोचायचा नाही तर ती काठीच्या टोकाने नऊवारी अशी वर सारायची की एक चुणी पडत नसे. आषाढात मात्र तीन तीन दिवस वाळायची नाही आणि घरभर तो कुबट वास, तेव्हा घोडा असता तर बरं झालं असतं.

*

भाची विचारतेय, चिमट्याला तिथे पेग म्हणतात आणि तिची अमेरिकन रूममेट पिन म्हणते, बरोबर काय?

*

दोन्ही. ब्रिटनमधे क्लोद्स पेग, अमेरिकेत क्लोद्सपिन. पेग म्हणजे मुळात खुंटी आणि जुना चिमटा तसाच असायचा, लाकडाचा एकच तुकडा, मधे चीर पाडलेली, दोरीवर खोचायचा की झालं. स्प्रिंगवाल्याचं पेटंट अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डेव्हिड स्मिथने १८५३ मधे घेतलं. म्हणजे वस्तू बदलली, नाव खुंटीचंच राहिलं. आपलाच शब्द सगळ्यात सरळ, चिमटा काढतो तो चिमटा.